पाणी कितव्या पायरीवर? साताऱ्यातल्या एका बारवेच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४, रविवार
बारवेच्या, म्हणजे पायऱ्यांनी उतरायच्या विहिरीच्या, साफसफाईला आणि मोजणीला आज सुरुवात केली. आम्ही सहा जण. सोबत दोन टेप, एक ओळंबा, लेझर मीटर, दोन कोयते आणि शंभर पानी वही. बारव अजिंक्यताऱ्याच्या उतारावर, पेठेच्या मागच्या अंगाला आहे. चारही बाजूंनी घरं उठली आहेत, त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसता पिंपळाचा शेंडा दिसतो. खाली बारव आहे हे पेठेतल्या पोरांनाही ठाऊक नव्हतं.

घाणेरी आणि एरंड तोडायलाच दोन तास गेले. मग पायऱ्या मोकळ्या झाल्या. उतरायची वाट एकच, उत्तरेकडून. म्हणजे शिल्पशास्त्राच्या हिशेबाने ही ‘नंदा’. दोन वाटा असतील तर भद्रा, तीन असतील तर जया, चारही बाजूंनी उतरता येत असेल तर विजया. सरळ उतरत जाणारा जिना, पुढे चौकोनी कुंड आणि दक्षिणेला गोल विहीर. विहिरीच्या काठावर मोटेची, म्हणजे बैलांनी ओढायच्या चामडी पोहऱ्याची, जागा: दोन दगडी हात पुढे आलेले, त्यांच्यामागे मोटेचं पाणी पडायचं थारोळं आणि थारोळ्यातून निघणारा पाट. बैलांच्या धावेवर आता कुणाचं तरी न्हाणीघर आहे.

सतरा पायऱ्या मोजता आल्या. त्याखाली हिरवं पाणी, पाण्यावर थर्माकोल आणि पिशव्या.

वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: पाणी, सतरावी पायरी. मोजणी वरून खाली करायची असं ठरलं. आकडा वाढला की पाणी उतरलं, आकडा कमी झाला की चढलं.

१३ फेब्रुवारी
परवानगीचं पत्र मिळालं. बारव संरक्षित स्मारकांच्या कोणत्याही यादीत नाही. तिची काळजी घेणं कुणाचंच काम नाही, याचा हाच खरा अर्थ.

१८ फेब्रुवारी, रविवार
दिवसभर मापं. गवंडी मामा सोबत होते. त्यांचं सगळं आयुष्य दगडात गेलं आहे. ते आधी दगडावर तळहात ठेवतात, मग बोलतात.

पायऱ्यांची उंची सरासरी २६ सेंटीमीटर. आपल्या घरातल्या जिन्यापेक्षा चढ जास्त, पण पाऊल टेकायला जागा भरपूर. पायरीच्या मधोमध खोलगट झिजलं आहे, कडेला मात्र छिन्नीचे टाके अजून तसेच आहेत. डोक्यावर घागर घेतलेली बाई मधूनच चढणार, कडेने नाही.

काळजीची गोष्ट पश्चिमेच्या भिंतीत आहे. वरून ओळंबा सोडला तर साधारण मध्यावर भिंत नऊ सेंटीमीटर आत आली आहे. गवंड्यांच्या भाषेत भिंतीला पोट आलं आहे. नेमक्या याच भिंतीवर पूर्वी कधीतरी सिमेंटचा जाड थर मारलेला आहे, सांधे पक्के बुजवलेले. मामांनी तळहात ठेवला आणि एवढंच म्हणाले, “हिला घाम येतोय, पण बाहेर पडंना.”

मोटेच्या दगडी काठावर दोराच्या खाचा आहेत. त्यातल्या सगळ्यात खोल खाचेत माझी करंगळी पूर्ण बुडाली. आत बोट फिरवलं तर काचेसारखं गुळगुळीत लागतं. काळ्या पाषाणावर लोखंडी छिन्नी बोथट होते आणि इथे नाड्याने, ओल्या दोराने, ही घळ पाडली आहे. किती वर्षं किती बैलांनी हा नाडा ओढला असेल, याचा विचार करत मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. मापाच्या कागदावर तिची खोली लिहिली: ५ सेंटीमीटर.

२५ फेब्रुवारी, रविवार
सुका कचरा काढला. चौतीस गोणी. निर्माल्य, बाटल्या, फुटक्या कुंड्या आणि देवांच्या तसबिरी. तसबिरी सर्वांत जास्त. माणसाला देवाचं चित्र कचऱ्यात टाकवत नाही, म्हणून तो ते पाण्यात सोडतो. यात वाईट हेतू नसतो, हे लक्षात ठेवूनच लोकांशी बोलायला हवं. काचा आणि चौकटी वेगळ्या केल्या, मूर्ती एका बाजूला ओळीने मांडल्या. संध्याकाळी पेठेतल्या गुरवांनी त्यांची पूजा करून ताबा घेतला.

शेजारच्या आजी दुपारी काठी टेकत आल्या आणि वरच्या पायरीवर बसल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सगळ्या गल्लीचं पाणी इथूनच भरलं जायचं.

“तुम्ही लोक किती फूट, किती फूट करताय,” त्या म्हणाल्या. “आम्ही तसं नाही म्हणायचो बाळा. सासूबाई विचारायच्या, आज कितव्या पायरीला टेकलं? चैतात देवळीच्या खाली गेलं की धुणं बंद. मग कपडे नदीला.”

कुठली देवळी, म्हणून विचारलं. त्यांनी काठीने खाली पाण्याकडे दाखवलं. ती अजून गाळात आहे.

८ मार्च, शुक्रवार, महाशिवरात्र
गेल्या काही वर्षांत राज्यभर या रात्री बारवांवर दिवे लावले जातात. आम्हीही लावले. तेल दगडात मुरलं की डाग जात नाही आणि त्यावर धूळ बसत राहते, म्हणून प्रत्येक पणतीखाली पत्रावळ ठेवली. पेठेतल्या दीडेकशे माणसांनी आज पहिल्यांदा आपली बारव पाहिली. आजींनी पहिली पणती लावली.

१० मार्च, रविवार
उपसा सुरू. याबद्दल सविस्तर लिहून ठेवते, कारण ठिकठिकाणी उत्साहाच्या भरात इथेच चूक होते.

पहिली गोष्ट: विहीर एका दमात उपसायची नाही. भिंतीमागची माती आणि भराव पाण्याने फुगलेले असतात. आतलं पाणी त्यांना धरून असतं. आतलं पाणी झपाट्याने काढलं की मागच्या पाण्याचा दाब भिंतीवर एकट्याने येतो आणि भिंत आत कोसळते. आपली पश्चिमेची भिंत तर आधीच पोट काढून बसली आहे. म्हणून दिवसाला दीड फूट, त्याच्यावर एक इंचही नाही, असं ठरवलं. दर दोन तासांनी ओळंबा लावून पोट वाढलं का ते पाहायचं.

दुसरी: डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन बारवेत उतरवायचं नाही. त्याचा धूर खाली साचून राहतो आणि माणूस ओरडायच्या आत बेशुद्ध पडतो. आम्ही विजेचा पाणबुडी पंप लावला आणि त्याला गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला.

तिसरी: गाळ ढवळला की सडका वायू सुटतो. जुनी माणसं कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर हवा वाईट हे खरं, पण जळत राहिला म्हणून हवा चांगली असेलच असं नाही. भाड्याने वायूमापक आणला. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर दोन माणसं उभी असल्याशिवाय कुणीही खाली जायचं नाही. दोन पोरं कुरकुरली, पण ऐकलं त्यांनी.

उपसलेलं पाणी टँकरने दुभाजकातल्या झाडांना दिलं.

१७ मार्च, रविवार
गाळ घमेल्याने काढतोय. साखळी करून, हातोहात. यंत्राचं बकेट लावलं असतं तर चार दिवसांचं काम एका दिवसात झालं असतं, पण पायऱ्यांच्या कडा शिल्लक राहिल्या नसत्या.

विसाव्या पायरीवर कोरलेला पट सापडला. दोन रांगा, प्रत्येकीत सात वाटीएवढे खळगे. मंकळ्याचा खेळ. पाणी त्याखाली असेल त्या दिवसांत कुणीतरी इथे सावलीला बसून चिंचोके टाकत असणार. गाळ धुतल्यावर पोरांनी लगेच खडे गोळा केले आणि खेळायला बसली. काम अर्धा तास थांबलं. थांबू दिलं.

आजींची देवळी चोविसाव्या पायरीच्या बरोबरीला निघाली. हातभर उंच कोनाडा, आत मूर्ती नाही, तळाशी शेंदराचे थर. म्हणजे ‘देवळीच्या खाली गेलं की धुणं बंद’ हा पेठेचा कायदा होता आणि त्याची खूण दगडात बसवलेली होती.

२३ मार्च, शनिवार
तळ लागला. एकूण पायऱ्या छत्तीस. शेवटची पायरी संपते तिथे कुंडाच्या आग्नेय कोपऱ्यात दोन चिऱ्यांच्या फटीतून पाणी पाझरतंय. तोच झरा. टाचणीच्या डोक्याएवढे बुडबुडे, थांबून थांबून. सगळे जण वाकून बघत होते आणि कुणीच बोलत नव्हतं. मामांनी चप्पल काढली, दोन ओंजळी पाणी तोंडावर मारलं.

पंप बंद केला. आता विहिरीला विहिरीच्या मनाने भरू द्यायचं.

३१ मार्च, रविवार
लिंब गावाला गेलो. महामार्गावरून आत वळलं की थोड्याच अंतरावर शेरी लिंब आणि तिथली बारा मोटांची विहीर. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली, असं तिथला शिलालेख सांगतो. छत्रपती शाहू महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा दशक-दीड दशकच झालं होतं आणि गडाखाली सातारा शहर आकाराला येत होतं. विहीर अष्टकोनी, सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची. जिना, पुलासारखा दालनाचा भाग आणि मागची मुख्य विहीर अशी रचना. बारा मोटा चालायच्या असं नावात असलं तरी मोटा लावायच्या जागा पंधरा आहेत. एवढ्या मोटांचा एकदम आवाज कसा असेल!

आमच्यातल्या एका मुलीने गुजरातमधल्या पाटणची राणीची वाव, म्हणजे तिकडची बारव, पाहिली आहे. ती म्हणाली, तिथे मूर्तींवरून नजर हलत नाही, इथे नुसता काळा दगड. मला वाटतं, दोन्हींची तुलना करण्यात अर्थ नाही. गुजरातच्या मऊ वालुकाश्मात जे कोरता येतं ते आपल्या बेसॉल्टमध्ये तितक्या सहज येत नाही. आपल्याकडच्या कारागिराने आपलं कौशल्य सांध्यात घातलं आहे. लिंबला कमानीच्या दोन चिऱ्यांमध्ये नख जात नाही. मी करून पाहिलं.

येताना शहरातली बाजीराव विहीरही दाखवली. रोज तिच्या जवळून जाणारी दोन मुलं तिथे पहिल्यांदा थांबली.

लिंबहून मी एक गोष्ट घेऊन आले. तिथे भिंतीच्या खालच्या थरांत सांधे कोरडे दिसले, चुना नाही. भिंतीमागचं पाणी त्या फटींतून आत यावं म्हणूनच असावं. आमच्या बारवेत नेमके तेच सांधे सिमेंटने बुजवलेत.

७ एप्रिल, रविवार
पाणी: सव्विसावी पायरी.

सिमेंट काढायचं ठरलं. मामांनी आज चुना भिजत घातला. कळीचा चुना हौदात टाकला की तो अक्षरशः उकळतो, चर्रर्र आवाज करत वाफा सोडतो. पोरांना लांब उभं केलं, डोळ्यांवर चष्मे. तो निवला की झाकून ठेवायचा आणि किमान चार आठवडे हात लावायचा नाही. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. पाण्यात जाणाऱ्या सांध्यांसाठी त्यात भाजक्या विटांचा चुरा, म्हणजे सुरखी लागते. नुसता चुना हवेत धरतो, सुरखी घातलेला पाण्यातही धरतो. गूळ आणि हिरड्याचं पाणी शेवटी, मळताना.

१४ एप्रिल, रविवार
पश्चिमेच्या भिंतीवरचं सिमेंट छिन्नीने हळूहळू काढलं. यंत्र लावलं नाही, हादऱ्याने पोट फुटलं असतं. भिंतीला आधी लाकडी धिरे दिले.

दुपारी तीनच्या सुमाराला पाण्याच्या जरा वरचा एक सांधा मोकळा झाला आणि त्यातून तांबडं पाणी आलं. आधी ओघळ, मग करंगळीएवढी धार. तासाभरात धार स्वच्छ झाली. मामा म्हणाले, “बघा, सुटला घाम.” संध्याकाळपर्यंत तसे पाच सांधे वाहते झाले.

भिंत पडेल म्हणून कुणीतरी सिमेंट लावलं होतं, आणि त्या सिमेंटनेच भिंत पाडायला घेतली होती. पाणी अडलं, मागे साठलं आणि आत ढकलू लागलं. ज्याने कुणी ते केलं त्याला बारव वाचवायचीच होती, म्हणून जास्त वाईट वाटतं.

२१ एप्रिल, रविवार
पाणी: पंचविसावी पायरी.

चैत्रात पाणी चढलं. दोन आठवड्यांत एक पायरी. आजींना सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, देवळीला लागलं की सांग.

आणखी एक. पायरीचा आकडा फार ढोबळ पडतो म्हणून कुंडाच्या कोपऱ्यात सागाची पट्टी उभी केली आहे, सेंटीमीटरच्या खुणांची. तिच्यावरचे आकडे खालून वर आहेत, म्हणजे इथे आकडा कमी झाला की पाणी उतरलं. दगडाला खिळा नाही, रंग नाही, तळाशी दगड रचून टेकवली आहे. आठवीतली दोन मुलं सकाळी सहा, नऊ, दुपारी बारा आणि संध्याकाळी सहाला वाचन घेतात. त्यांच्या आकड्यांत काहीतरी गडबड आहे. सहा ते नऊच्या दरम्यान पाणी रोज पाच-सहा सेंटीमीटर उतरतं आणि बारापर्यंत परत येतं. मला वाटलं, वाचायला चुकतात. उद्या मीच जाते.

२२ एप्रिल
मुलं बरोबर होती. मी माफी मागितली.

सहाला १४२, नऊला १३६, बाराला १४१. बारवेतून तर कुणी थेंबही काढत नाही.

२८ एप्रिल, रविवार
आठवडाभर तेच. वरच्या अंगाला एका गृहसंकुलात दोन बोअर आहेत. टाक्या भरायला मोटारी सकाळी सहाला सुरू होतात. संशय तिथे आहे, पण संशयावर कुणाच्या दारात जायचं नाही.

३० एप्रिल, मंगळवार
आज सकाळी दुरुस्तीसाठी पेठेतली वीज साडेपाच ते दहा बंद होती. सहाला १३९, नऊला १३९. पट्टीवर पाणी जागचं हललं नाही.

आता संशय नाही. आपला खडक बेसॉल्टचा. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, झिजलेल्या थरात आणि भेगांत. खालचा अखंड पाषाण पाणी धरत नाही. म्हणजे पेठेखाली एकच पातळ पाणथर आहे आणि बोअर काय, बारव काय, सगळे त्याच ताटात जेवतात. वर कुणी घास उचलला की इथे पट्टीवर दिसतं.

पायऱ्या फक्त उतरायला असतात, असं मी इतके दिवस समजत होते. आजींच्या सासूबाईंना वेगळं माहीत होतं. सगळी पेठ दिवसातून दोनदा ही पट्टी वाचायची आणि पाणी देवळीखाली गेलं की आपणहोऊन हात आखडता घ्यायची. नळ आले, कास तलावाचं पाणी घरात आलं आणि वाचणं थांबलं. मग बोअर आले तेव्हा पाणी किती उरलंय हे बघणारं कुणीच नव्हतं.

५ मे, रविवार
चुना मुरला. सांधे भरायला सुरुवात. खालच्या थरांतले वाहते सांधे तसेच मोकळे सोडले. उन्हाने चुना तडकू नये म्हणून ओली गोणपाटं टाकून दिवसातून चार वेळा पाणी मारायचं. पाळ्या लावल्या आहेत. पिंपळाची मुळं उपटली नाहीत, उपटली असती तर दगड घेऊनच आली असती. भिंतीशी कापली आणि कापलेल्या तोंडात चुना भरला. दर दोन महिन्यांनी फुटवे खुडावे लागतील.

पाणी: एकोणतिसावी.

१२ मे, रविवार
संकुलातल्या लोकांशी बैठक. मी कागद घेऊन गेले होते, पण बोलली ती आठवीतली दोन मुलं. त्यांनी वही उघडून तीस तारखेचं पान दाखवलं. आधी एक काका म्हणाले की आमच्या बोअरचा तुमच्या विहिरीशी काय संबंध. दुसऱ्यांनी वही हातात घेतली, मागची पानं चाळली आणि विचारलं, “उद्या आम्ही मोटर सहाऐवजी आठला लावली तर हे खाली जाणं आठला सुरू होईल का रे?”

“करून बघू या, काका,” मुलगा म्हणाला.

१३ मे
केलं. पाणी आठनंतर उतरलं.

१९ मे, रविवार
पाणी: एकतिसावी. उपसा सोडला तर या वर्षातलं सर्वांत खालचं. संकुलात दोन्ही मोटारी एकदम चालवायच्या नाहीत असं ठरलं आहे आणि गच्चीवरच्या पावसाचं पाणी गाळून एका बोअरभोवतीच्या खड्ड्यात सोडायचं काम त्यांनी पावसाच्या आधी धरलं आहे. त्याचा परिणाम पट्टीवर किती दिसेल, हे पुढच्या उन्हाळ्याशिवाय कळणार नाही. मला घाई नाही.

९ जून, रविवार
पाऊस. पश्चिमेची भिंत पाहायला छत्री घेऊन गेले. वाहते सांधे नऊ झाले. ओळंबा: पोट नऊ सेंटीमीटर, फेब्रुवारीत होतं तेवढंच. धिरे अजून काढायचे नाहीत.

३० जून
पाणी: बाविसावी. देवळी बुडाली. आजींना सांगितलं. त्यांनी गूळ दिला.

२८ जुलै, रविवार
यवतेश्वरावर ढग उतरलेत, गडाचा माथा दिसत नाही. बारवेत पाणी बाराव्या पायरीला, तळापर्यंत हिरवटपणाचा मागमूस नाही. मंकळ्याचा पट पाण्याखाली आहे, वरून खळगे मोजता येतात.

वही भरली. दुसरी वही मुलांनी स्वतः आणली आहे, कव्हर घालून. सकाळच्या वाचनाच्या रकान्यात आता संकुलातल्या त्या काकांचंही अक्षर दिसतं, फिरायला निघताना ते आकडा लिहून जातात. आजची नोंद त्यांचीच: सहा वाजता, बारावी पायरी, वर चार बोटं.